वाचकांचे प्रश्न : कमान वरून पडत नाही

(रेल्वेच्या पूल तपासणीच्या कामातून निवृत्त होऊन पूर्णेत राहणारे आमचे स्तंभलेखक या वेळी पूल आणि रस्त्यांविषयीच्या पत्रांना उत्तरं देत आहेत.)

आमच्या शेताजवळ रेल्वेचा दगडी कमानीचा पूल आहे. आजोबा म्हणायचे, निजामाच्या काळातला. रोज मालगाड्या धडधडत जातात, त्याला काही होत नाही. मग महाडचा सावित्रीवरचा पूल कसा वाहून गेला? तोही दगडीच ना? दुसरं असं की, आमच्या ओढ्यावरच्या नळकांडी पुलावरून पाणी वाहत असताना किती पाण्यापर्यंत गाडी घालावी? – एक वाचक, सेलू

आजोबांचं बरोबर आहे. मनमाड-सिकंदराबाद लाइन निजामाच्या राज्यात १९०० च्या सुमारास पडली. तेव्हा ती मीटर गेज होती, म्हणजे दोन रुळांत १००० मिलिमीटर अंतर. आपल्या भागात १९९० च्या दशकात ती १६७६ मिलिमीटरची ब्रॉड गेज झाली. गाड्या जड झाल्या, तसे ठिकठिकाणी लोखंडी गर्डर बदलले, खांबांना काँक्रीटचं जाकीट घातलं. दगडी कमानीचं मात्र गणितच वेगळं. वरून वजन आलं की तिचे दगड एकमेकांवर आणखी घट्ट बसतात. काळ्या दगडाला ताण सोसत नाही, दाब कितीही द्या. त्यामुळे मालगाडीच्या वजनानं कमान सहसा पडत नाही. ती पडते पायाखालची जागा गेली की.

गंगेत गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की टाचेखालची वाळू सरकते, हे तुम्ही अनुभवलं असेल. खांबाचं तेच होतं. पुराचं पाणी खांबाला आपटून खाली वळतं आणि बुडाशी खड्डा खणतं. त्यात फसवणूक अशी, की पूर ओसरताना तोच खड्डा गाळानं भरून निघतो. आठ दिवसांनी बघायला जाल तर सगळं जागच्या जागी. सावित्रीचा पूल १९२८ चा होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात गेला आणि एसटीच्या दोन गाड्या त्यातल्या माणसांसकट नदीत गेल्या. पुढं नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, त्याचं कौतुक खूप झालं. ते व्हावंही. माझं म्हणणं त्या रात्रीपुरतं आहे. पूल कोसळल्यावरही गाड्या येत राहिल्या, कारण अंधारात चालवणाऱ्याला पुढं पूल उरलेला नाही हे कळायला काही साधन नव्हतं.

रेल्वेत हे गृहीतच धरलेलं असतं. तुमच्या शेताजवळच्या पुलाकडं एकदा नीट बघा. त्यावर नंबर रंगवलेला दिसेल. नदी-ओढ्याच्या पुलाच्या खांबावर पूर कुठवर चढला होता त्याची खूण असते आणि धोक्याच्या पातळीचा लाल पट्टा असतो. पावसाळ्यात गस्तवाला कंदील, झेंडी आणि गाडीला इशारा द्यायला रुळावर ठेवायचे फटाके घेऊन लाइन चालतो. नाजूक पुलांवर तर पहारेकरीच बसतो. पाणी लाल पट्ट्याला लागलं की गाडी थांबवायची, त्यासाठी साहेबाची सही लागत नाही. पावसाळा सरला की तपासणी. कमानीला भेग दिसली की आम्ही तिच्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवायचो आणि शेजारी तारीख लिहायचो. पुढच्या फेरीला काच साबूत असली तर भेग जुनी, झोपलेली. काच तडकलेली असली तर पूल अजून हलतोय, मग त्या पुलावर गाडीचा वेग कमी करायचा हुकूम निघायचा. गर्डरच्या रिव्हेटवर छोटी हातोडी मारायची आणि दुसऱ्या बाजूला बोट लावायचं. ढिला रिव्हेट बोटाला लगेच कळतो.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत कमानीच्या सांध्यातून पिंपळ निघालेला दिसतोय. तो नुसता वरून छाटून भागत नाही, मूळ मारावं लागतं. स्टेशन मास्तरकडं पुलाचा नंबर लिहून अर्ज द्या.

आता नळकांडी पूल. पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नका. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी कार तरंगायला लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या जातात. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शिल्लक आहे की वाहून गेली, हे काठावरून दिसत नाही. "मी रोज जातो इथून" म्हणणाऱ्याच्या मागं तर मुळीच जाऊ नका.

बार्शी लाइट या जुन्या छोट्या रेल्वेचे पूल आताच्या गाडीला का चालले नाहीत? – एक वाचक, लातूर

ती गाडीच हलकी होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं ७६२ मिलिमीटरच्या रुळांवर एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही असा हिशोब बांधला होता. १८९७ ला बार्शी, १९११ ला लातूर. आज ब्रॉड गेजच्या मालडब्याच्या एका आसावर २२ टनांच्या वर भार येतो. त्या मानानं पूल नवेच लागणार. लातुरात 'जुनी रेल्वे लाइन' आता फक्त पत्त्यात उरली आहे.

समृद्धीवर ना खड्डा, ना चौक. तरी एवढे अपघात का? – एक वाचक, जालना

त्यामुळंच, असं माझं मत. हाताला काही काम उरलं नाही की डोळा लागतो. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ जण गेले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ मिनीबस ट्रकवर आदळून १२. दोन्ही वेळा रात्र होती. रेल्वेच्या इंजिनात ड्रायव्हरनं मिनिटभर हात हलवला नाही तर आधी दिवा लागतो, मग भोंगा, तरी उत्तर नाही तर आपोआप ब्रेक. तुमच्या गाडीत असं काही नाही. रात्रीचं जेवण करून निघाला असाल तर दोन तासांनी उतरा, तोंड धुवा, टायरला हात लावून बघा. १२० च्या वेगात गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते, डुलकी तर त्याहून लांब असते.

माझे दाजी रात्री उसाच्या उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकलसह आदळले. पाय गेला. ट्रॉलीला दिवा नव्हता. आमच्याही दोन ट्रॉल्या कारखान्याला चालतात. काय करावं? – एक वाचक, गेवराई

ताई, दिवा असला तरी उसाच्या वाढ्यांखाली झाकला जातो. म्हणून नुसत्या दिव्यावर विसंबू नका. लाल चमकपट्टी ट्रॉलीच्या मागच्या फळीवर तर हवीच, पण वाढे फळीच्या बाहेर लोंबतात, तेव्हा पट्टी शिवलेलं एक पोतं मोळ्यांच्या शेवटी दोरीनं बांधा. बाजूला पिवळी पट्टी, दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींना. टायर फुटला तर डांबर सोडून खाली घ्या, मागं पन्नास पावलांवर माणूस बॅटरी घेऊन उभा करा. आणि टायर बदलून झाला की चाकाखालचे धोंडे उचलून चारीत टाकायला ड्रायव्हरला सांगा. निम्मे जण ते डांबरावरच सोडून जातात. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात ते दिसत नाहीत.