सागरी रस्त्याने निघण्यापूर्वी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. स्वतःच्या कमाईतून घेतलेली मोटारसायकल दाराशी उभी आहे आणि पुण्याहून गोवा एका दिवसात गाठण्याचा बेत आहे, असे तू लिहिले आहेस. तुझा उत्साह मोडण्याची माझी अजिबात इच्छा नाही. परंतु पहिल्याच मोठ्या प्रवासाबद्दल सल्ला विचारला आहेस, म्हणून स्पष्ट सांगतो, की गोव्याचा बेत तूर्त बाजूला ठेव. त्याऐवजी हातात चार-पाच दिवस घे, ताम्हिणी घाटाने उतरून माणगाव, म्हसळामार्गे श्रीवर्धन गाठ आणि तिथून खाली रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याच्या लहान रस्त्याने जा. महामार्गावर अंतर तुटते, एवढाच त्याचा गुण. मोटारसायकलचे खरे सुख मात्र अशा रस्त्यावर कळते, जिथे तिसऱ्या गिअरच्या वर जाण्याची फारशी गरजच पडत नाही.

या रस्त्याला स्वतःची एक लय आहे आणि ती समजली की दिवसभर कंटाळा फिरकत नाही. रस्ता आधी सड्यावर चढतो. सडा म्हणजे जांभ्याचे उघडे पठार, जिथे झाड कमी, वारा फार आणि पावसाळा सरल्यावर गुडघाभर पिवळे गवत. पठार संपते तिथे उतार लागतो, एकापाठोपाठ वळणे येतात आणि अचानक तू नारळी-पोफळीच्या वाडीत शिरतोस. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट आणि हवेत जाणवण्याइतका गारवा. गाव ओलांडले की खाडी, खाडीपलीकडे पुन्हा चढण आणि पुन्हा सडा. मोटारीच्या बंद काचेआड बसलेल्याला हा बदल फक्त दिसतो, पण दुचाकीवर तो अंगाला कळतो. आंब्याच्या बागेतून जाताना मोहोराचा वास, बंदर जवळ आले की सुकत घातलेल्या मासळीचा वास आणि संध्याकाळी कुठल्यातरी परसातल्या चुलीचा धूर, हे सारे हेल्मेटच्या आत येते. जानेवारी आणि फेब्रुवारी हे महिने मला यासाठी सर्वांत चांगले वाटतात.

खाड्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या प्रवासाचा प्राण त्यांच्यात आहे. बागमांडल्याहून वेश्वीला जाताना सावित्री, दाभोळहून धोपाव्याला जाताना वाशिष्ठी आणि तवसाळहून जयगडला जाताना शास्त्री, अशा तीन नद्यांची मुखे तुला फेरीबोटीने ओलांडायची आहेत. दाभोळला बोट चुकली आणि रस्त्यानेच जायचे म्हटले, तर चिपळूणपर्यंत आत जाऊन पुन्हा किनाऱ्याला यावे लागते. बोटीने तेच अंतर काही मिनिटांचे आहे. बोटीची फळी ओली आणि गुळगुळीत असते. तीवर चढताना पहिला गिअर ठेव, क्लच हलकेच सोड, पुढचा ब्रेक मुळीच दाबू नकोस आणि दोन्ही पाय खाली टेकण्याच्या तयारीत असू देत. आत गेल्यावर गाडी गिअरमध्येच टाकून आडव्या स्टँडवर लाव आणि शेजारी उभे राहा. बोट भरेपर्यंत थांबावे लागले तर चडफडू नकोस. दाभोळ हे बहमनी काळातले मोठे बंदर होते आणि सतराव्या शतकातली तिथली मशीद धक्क्यापासून जवळच आहे, तेवढ्या वेळात ती पाहून होते. या खाड्यांवर पूल बांधण्याच्या योजना आहेत. पूल व्हायलाच हवेत, कारण रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन पलीकडे जाणाऱ्या माणसाची अडचण आपल्या हौसेपेक्षा फार मोठी आहे; पण पूल झाले की बोटीचा हा अनुभव राहणार नाही, म्हणूनच तू हा प्रवास उद्यावर ढकलू नयेस असे मला वाटते.

गाडी चालवण्याविषयी मोजकेच सांगतो. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे. आणि नजर चाकापुढे न ठेवता वळण जिथे उलगडते तिथे ठेवावी, कारण नजर जाईल तिकडे गाडी जाते. या रस्त्यांवर वळणाच्या बाहेरच्या कडेला खडी साचते, तर झाडांखालच्या सावलीत ओल आणि शेवाळ टिकून राहते. समोरून एसटी आली तर ती वळणावर जवळजवळ सगळा रस्ता घेणार, हे गृहीत धरूनच डावी बाजू धर. अरुंद घाटात चढणीच्या वाहनाला आधी वाट द्यायची असते, हा नियमही आहे आणि रीतही. उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडण्याची सवय अनेकांना असते. ती कधीही लावून घेऊ नकोस. खालचा गिअर गाडीला आवरतो आणि ब्रेक तापत नाहीत.

गाडी लहान आहे याची खंत तुझ्या पत्रात जाणवली. १५० सीसीची गाडी या रस्त्याला पुरेशी आहे, किंबहुना जड गाडीपेक्षा सोयीची आहे, कारण ती बोटीवर सहज वळते आणि बिघडली तर दापोली किंवा गुहागरच्या कोणत्याही मेकॅनिकला तिची ओळख असते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. गाडी वाळूत घालू नकोस. वेळास, केळशी, आंजर्ले या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि चाकाखाली काय दबले ते आपल्याला कळतही नाही. शिवाय खारे पाणी आणि वाळू साखळीला खातात. रोज मुक्कामी पोहोचल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्यावे. त्या निमित्ताने एखादा सैल झालेला नटही हाताला लागतो.

दिवसाला शंभर किलोमीटरपेक्षा अधिक अंतर ठरवू नकोस. हर्णैला दुपार कलल्यावर पोहोचशील असे पाहा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, नांगरलेल्या होड्यांतून किनाऱ्यावर येणारी मासळी आणि ओल्या वाळूवर मांडलेला लिलाव, हे पाहायला दोन तास कमी पडतात. तिथे कॅमेरा घेऊन मध्ये शिरू नये. कडेला उभे राहिले की कोणीतरी आपण होऊन भाव समजावून सांगते. पुढे मालगुंडला केशवसुतांचे जन्मघर आहे, तिथे थांबच. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाताना महामार्गाकडे न वळता आरे-वारेचा रस्ता घे, जिथे डोंगराच्या कडेवरून एकाच वेळी दोन्ही पुळणी, म्हणजे वाळूचे किनारे, दिसतात.

पेट्रोल श्रीवर्धन, दापोली आणि गुहागर येथे भरून घे, मधल्या गावांवर विसंबू नकोस. सूर्यास्तानंतर गाडी चालवायची नाही, एवढे पथ्य पाळ. सड्यावर गुरे रस्त्यातच बसलेली असतात. बोटींच्या वेळा आदल्या दिवशी स्थानिकांना विचाराव्यात. मुक्कामाची गावे ठरली की मला कळव, म्हणजे कोणत्या दिवशी कोणती खाडी ओलांडणे सोयीचे पडेल ते आपण बसून पाहू.

तुझा शुभचिंतक