आई-बाबांच्या महिन्याच्या गोळ्या आणि ओपीडी रायडर

प्रश्न थोडक्यात असा. मुलुंडच्या एका वाचक भगिनींचे बाबा ६६ वर्षांचे आहेत, आई ६२ ची. दोघांची मिळून १० लाखांची फ्लोटर पॉलिसी आहे, तिला येत्या महिन्यात पाच वर्षं पूर्ण होतील. हप्ता वर्षाला ४६,००० रुपये. आईला मधुमेह आणि बीपी, बाबांना बीपी आणि कोलेस्टेरॉल. गोळ्यांवर महिन्याला ४,५०० जातात. एजंटने नूतनीकरणाच्या वेळी १६,५०० रुपयांचा ओपीडी रायडर (रुग्णालयात दाखल न होता होणाऱ्या खर्चासाठी मूळ पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर) सुचवलाय, 'औषधंसुद्धा कव्हर होतील' म्हणून. तो परवडावा यासाठी विमा रक्कम १० वरून ५ लाखांवर आणायची, म्हणजे हप्ता १३,००० ने उतरेल, असा घरात विचार चाललाय. हे करावं का?

दोन्ही करू नका. विमा रक्कम तर अजिबात कमी करू नका. रायडर का नको, ते तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकातल्या आकड्यांवरूनच पाहू.

रायडरची मर्यादा ३०,००० लिहिली आहे, पण ती एकसंध नाही. आतल्या पानावर तिचे तुकडे आहेत: औषधांना १२,०००, डॉक्टरांच्या फीला १०,००० (एका भेटीला जास्तीत जास्त ७००), तपासण्यांना ८,०००. या सगळ्यावर २० टक्के को-पे, म्हणजे तेवढा वाटा तुमच्या खिशातून. तुमचा औषधांचा वार्षिक खर्च ५४,०००, म्हणजे १२,००० ची मर्यादा पूर्ण वापरली जाईल. त्यातून को-पे वजा केला की हातात ९,६००. आईच्या मधुमेहतज्ज्ञांकडे वर्षाला चार आणि बाबांच्या दोन अशा सहा भेटी धरल्या, तर फी १,२०० असली तरी कंपनी ७०० च मोजणार. ४,२०० मधून को-पे गेला की ३,३६०. एचबीए१सी, किडनी, लिपिड वगैरे तपासण्यांचे ६,००० धरले तर त्यातले ४,८०० मिळतील. एकूण बेरीज १७,७६०. भरायचे १६,५००.

वर्षाला १,२६० रुपयांचा फायदा, तोही एकही पावती हरवली नाही, एकही दावा अडकला नाही तर. शिवाय माहितीपत्रकात 'नेटवर्क फार्मसी' असा शब्द आहे. तुमच्या गल्लीतला मेडिकलवाला नेहमीच्या गिऱ्हाइकाला १०-१५ टक्के सूट देत असेल आणि नेटवर्कमध्ये छापील किमतीनेच घ्यावं लागत असेल, तर हा फायदा तिथेच संपला. एजंटने खोटं सांगितलेलं नाही, औषधं कव्हर होतातच. पण दर महिन्याला ठरलेला खर्च विम्यातून भागवायचा म्हणजे कंपनी तो खर्च, वर स्वतःचा व्यवस्थापन खर्च आणि नफा धरूनच हप्ता ठरवते. विमा अनिश्चित आणि मोठ्या खर्चासाठी घ्यायचा. मधुमेहाच्या गोळ्या अनिश्चितही नाहीत आणि एकरकमी मोठ्याही नाहीत.

आता विमा रकमेकडे. मुंबईतल्या मोठ्या खासगी रुग्णालयात अँजिओप्लास्टीचं बिल तीन-चार लाखांवर जाणं नवीन नाही, आणि तुमची पॉलिसी फ्लोटर आहे, म्हणजे एकाच वर्षात दोघांनाही लागलं तर त्याच रकमेतून भागवायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकदा कमी केलेली विमा रक्कम परत वाढवणं सोपं नसतं. दोन वर्षांनी पुन्हा १० लाख मागितलेत, तर वाढीव पाच लाखांसाठी कंपनी नव्याने वैद्यकीय तपासणी मागू शकते, नकारही देऊ शकते. होकार मिळाला तरी त्या वाढीव भागाला आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे त्या आजारांचे दावे न मिळण्याचा काळ, पहिल्यापासून लागतो (एप्रिल २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने). आणि तुमचे ६० महिने आता भरताहेत. त्यानंतर 'आजार लपवला होता' असं म्हणून कंपनीला दावा फेटाळता येत नाही, फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच येतो. पाच वर्षं हप्ते भरून मिळवलेलं हे संरक्षण पूर्ण १० लाखांवर आहे. त्यातलं अर्धं सोडून दिलंत तर परत मिळवायला पुन्हा पाच वर्षं.

एक गोष्ट नूतनीकरणाच्या कागदावर जरूर पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी शून्य आहे, आधी १८ टक्के होता. ४६,००० मध्ये तो धरला असेल तर नवा आकडा मागून घ्या. आणि मूळ हप्ता गेल्या वर्षीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वाढवला असेल तर कारण विचारा. साठीपुढच्यांसाठी वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर कंपनीला आयआरडीएआयशी, म्हणजे विमा नियामकाशी, आधी सल्लामसलत करावी लागते, हा नियम जानेवारी २०२५ चा आहे.

रायडर नसतानाही तुमच्या पॉलिसीत औषधांना बरंच कव्हर आहे आणि बहुतेक घरांत ते मागितलंच जात नाही. रुग्णालयात दाखल असताना दिलेली औषधं बिलात धरली जातात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दाखल होण्यापूर्वीच्या आणि घरी आल्यानंतरच्या ठरावीक दिवसांतली औषधंही मिळतात. प्रमाणित 'आरोग्य संजीवनी' पॉलिसीत हे दिवस आधीचे ३० आणि नंतरचे ६० आहेत, इतर पॉलिसींमध्ये ६० आणि १८० पर्यंतही असतात. तुमचा आकडा पॉलिसीच्या पहिल्या दोन पानांवरच्या तक्त्यात मिळेल. अट इतकीच की औषध ज्या आजारासाठी दाखल केलं त्याच आजाराचं हवं आणि मुख्य दावा मंजूर झालेला हवा. आई पाय मोडून दाखल झाली तर नंतरच्या वेदनाशामक गोळ्या मिळतील, मधुमेहाच्या नाहीत. पण साखर वाढून दाखल झाली असेल, तर डिस्चार्जनंतरच्या काळातल्या मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन मागता येतं.

हे दावे अडकतात ते कागदांवरून. कॅशलेस झालं, म्हणजे रुग्णालयाचं बिल कंपनीने थेट भरलं, तरी घरच्या औषधांचे पैसे रीइम्बर्समेंटनेच, म्हणजे आधी स्वतः भरून मग मागून, घ्यावे लागतात, त्यामुळे फाइल वेगळी करा. डिस्चार्ज समरीवर औषधांची नावं, मात्रा आणि किती दिवस घ्यायची ते लिहून घ्या. '१५ दिवसांनी दाखवा' एवढंच लिहिलं असेल तर सोळाव्या दिवसापासूनच्या गोळ्या कापल्या जातात, म्हणून पुढच्या प्रत्येक भेटीची नवी चिठ्ठी लागते. मेडिकलचं बिल रुग्णाच्या नावाने, डॉक्टरांचं नाव, बॅच नंबर आणि तारखेसह छापील हवं. कच्ची पावती चालत नाही. दाखल असताना रुग्णालयाने बाहेरून एखादं इंजेक्शन आणायला सांगितलं, तर त्याची चिठ्ठी रुग्णालयाच्याच कागदावर घ्या, कारण ते कॅशलेस बिलात येणार नाही, वेगळं मागावं लागेल. मुदत साधारणपणे नंतरचा काळ संपल्यापासून १५ दिवस असते, पण स्वतःच्या पॉलिसीतली तपासा.

व्हिटॅमिन, कॅल्शियम, प्रोटीन पावडर हे प्रमाणित अपवादांतल्या, म्हणजे विम्यात न धरल्या जाणाऱ्या गोष्टींच्या यादीतल्या, १४ व्या कलमात येतं. डॉक्टरांनी रुग्णालयातल्या किंवा डे-केअर उपचाराचा भाग म्हणून लिहून दिलं असेल तरच पैसे मिळतात, एरवी नाही.

खोलीच्या भाड्याची मर्यादा ओलांडली की कंपनी बिल त्या प्रमाणात कापते, हे तुम्ही लिहिलंय आणि ते बरोबर आहे. पण २०२० पासून ही प्रमाणशीर कपात औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्यांना लावता येत नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रिया, नर्सिंग असा भाग तेवढा कापला जातो. मंजुरीपत्रात औषधांच्या ओळीवरही तोच टक्का लावलेला दिसला तर टीपीएला (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेला) लेखी विचारा.

आणि खरं महाग औषध कोणतं? कॅन्सरच्या तोंडाने घ्यायच्या केमोच्या गोळ्या, मोनोक्लोनल अँटीबॉडीची इंजेक्शनं, आणि मधुमेहात डोळ्याच्या पडद्याला सूज आली की डोळ्यात द्यायची इंजेक्शनं. नियामकाने ठरवलेल्या आधुनिक उपचारांच्या यादीत ही तिन्ही आहेत, २४ तास दाखल राहण्याची अटही नसते. पण कंपन्या त्यावर उपमर्यादा घालू शकतात. आरोग्य संजीवनीत ती विमा रकमेच्या ५० टक्के आहे. १० लाखांचे ५ लाख आणि ५ लाखांचे अडीच लाख, हा फरक आईच्या बाबतीत केवळ कागदावरचा नाही. तुमच्या पॉलिसीत ही उपमर्यादा किती, ते कंपनीला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.

आता ते ४,५००. वाचवायची खरी जागा इथे आहे. तुम्ही पाठवलेल्या यादीत आईची एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी मूळ कंपनीच्या ब्रँडची आहे, तिच्यावर एकटीवर महिन्याला १,७०० जातात. या औषधाचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि अनेक भारतीय कंपन्यांनी तीच गोळी ५ ते १५ रुपयांत आणली. १५ ची धरली तरी महिन्याचे ४५० होतात. सिटाग्लिप्टिन या मधुमेहाच्याच दुसऱ्या औषधाचं पेटंट २०२२ मध्येच संपलंय, त्यामुळे बाकीच्या यादीकडेही त्याच नजरेने पाहा. शिवाय यादीत नसांसाठी म्हणून ६०० रुपयांची व्हिटॅमिनची गोळी आहे, ती अजून हवी आहे का हे डॉक्टरांना विचारा. या दोन गोष्टींतच महिन्याला १,८५० वाचू शकतात, वर्षाला २२,२००.

पुढच्या भेटीला जाताना एका कागदावर प्रत्येक गोळीचं रासायनिक नाव, मिलिग्रॅम आणि एका गोळीची किंमत लिहून न्या. किमती 'फार्मा सही दाम' ॲपवर दिसतात. जनऔषधी केंद्रात काय मिळतं ते 'जनऔषधी सुगम' ॲपवर बघा. बदल डॉक्टरांच्या संमतीनेच करा. नावापुढे एसआर किंवा एक्सआर (औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर पर्यायी गोळीतही तेच हवं, कारण साध्या गोळीतलं औषध एकदम सुटतं. बदलल्यावर पहिले दोन-तीन आठवडे घरच्या ग्लुकोमीटरवर साखर लिहून ठेवा. थायरॉइड किंवा फिटच्या गोळ्यांचा ब्रँड मात्र स्वतःहून कधीच बदलू नका; त्यांत थोडासा फरकही त्रास देतो.

करसवलतीचा मुद्दा तुमच्या भावाने काढलाय. ८०डी म्हणून ओळखली जाणारी ५०,००० ची वजावट जुन्या कर पद्धतीतच आहे. औषधांची बिलं त्यात धरता येतात ती विमा नसलेल्या ज्येष्ठांची. आई-बाबांचा विमा आहे, म्हणून तुम्हाला हप्ता चालेल, गोळ्या नाहीत.

रायडर कधी घ्यावा? हप्ता त्यातून हमखास मिळणाऱ्या रकमेच्या निम्म्याहून कमी असेल, औषधांना वेगळी उपमर्यादा नसेल आणि कोणत्याही मेडिकलचं बिल चालत असेल तर विचार करा. तशी योजना दुसऱ्या कंपनीत मिळाली आणि तिकडे जायचं असेल, तर पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी जावा लागतो. तुमच्याकडे या वर्षी तेवढे दिवस उरलेले नाहीत. त्यामुळे आता जुन्याच पॉलिसीचा, १० लाखांचाच हप्ता मुदतीच्या आत भरा, आणि पोर्टिंगचा शोध पुढच्या वर्षी तीन महिने आधी सुरू करा.