केमिकल इंजिनिअरिंग करून मैलापाण्यात?

प्रश्न : मुलगी केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सांडपाण्यापासून वीज बनवणाऱ्या प्रकल्पात तिला जायचंय. घरचे म्हणतात, एवढं शिकून गटाराचं काम! यात भवितव्य आहे का? – एक आई, सांगली

ताई, नमस्कार.

घरच्यांना आधी सांगा, हे खूळ आजचं नाही. १८९७ साली मुंबईत, माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात मैल्याच्या टाकीतल्या गॅसवर इंजिन चालवलं होतं. आज मुंबईत वरळी, धारावी, मालाड धरून सात नवी मोठी मलजल केंद्रं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं, उभी राहताहेत. माणसं लागणारच.

मात्र मुलीने ‘वीज’ या शब्दावर भाळू नये. केंद्राचं पहिलं काम पाणी शुद्ध करणं. गॅस मिळतो तो मागे उरलेल्या गाळातून. डायजेस्टर नावाच्या हवाबंद टाकीत ३५-३७ अंशांवर दोन-तीन आठवडे गाळ राहिला की जिवाणू बायोगॅस बनवतात; त्यात साधारण ६० टक्के मिथेन. सोबतचा हायड्रोजन सल्फाइड काढला नाही तर इंजिन खराब होतं आणि माणसाच्या जिवावरही बेततं. दुसरीकडे पाण्यात हवा सोडणारे ब्लोअर बहुतेक केंद्रांत सगळ्यात जास्त वीज खातात. ऑस्ट्रियातलं श्ट्रासचं केंद्र स्वतःला लागते त्याहून जास्त वीज बनवू लागलं, त्यात सांडपाण्यातला नायट्रोजन काढायला लागणारी हवा कमी केल्याचा मोठा वाटा होता. म्हणजे खरी कमाई प्रक्रियेत आहे, आणि तो विषय केमिकलवाल्यांचाच.

आता अडचण. आपल्याकडच्या पुष्कळ केंद्रांत, विशेषतः एसबीआर पद्धतीच्या (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देऊन, मग गाळ खाली बसवून पाणी शुद्ध करणाऱ्या), डायजेस्टरच नसतो. गाळ हवा देऊनच बराचसा जिरवलेला असतो. मुलाखतीत तिने बेधडक विचारावं: डायजेस्टर आहे का, गॅस वापरता की नुसता जाळून टाकता? उत्तर गुळमुळीत आलं तर काय ते समजावं. नोकरी बहुधा महापालिकेची नव्हे, केंद्र चालवणाऱ्या ठेकेदार कंपनीची असते. सुरुवातीचा पगार बेताचा, शिफ्ट ठरलेली. रात्रपाळी आणि जाण्यायेण्याची सोय आधीच विचारून घ्या.

एम.टेक. करायचं तर गेट ही प्रवेश परीक्षा द्यावी. केमिकलचा पेपर आहेच, पर्यावरणाचा वेगळाही आहे. आयआयटी मुंबईत यासाठी स्वतंत्र विभाग आहे, व्हीजेटीआयही पाहा. पण माझं मत विचाराल तर आधी वर्षभर केंद्रावर काढावं, मग एम.टेक. गाळ हाताळलेल्या मुलीला वर्गातलं निम्मं आधीच कळलेलं असतं.

या सुट्टीत कॉलेजचं पत्र घेऊन तिला जवळच्या एसटीपीवर, म्हणजे मलजल केंद्रावर, महिनाभर इंटर्नशिपला पाठवा. वास तिला सोसतो का, हे तेवढ्यात कळेल. लसी मात्र डॉक्टरांना विचारून आधीच घ्या.