हसवणाऱ्याने गंभीर लिहिलं तर?

‘लोक मला एकाच कामासाठी ओळखतात. दुसरं काही करायला गेलो तर हसं होईल का?’ हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी वेगवेगळ्या वयाची माणसं घेऊन येतात. आज ज्याच्याबद्दल लिहितेय तो आयर्लंडमधल्या लिमरिक शहरात नोकरी करणारा मराठी तरुण आहे. त्याच्या संमतीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, शहर तेवढं तेच ठेवलंय, कारण त्या शहरामुळेच आमचं बोलणं पुढे सरकलं.

गिटार घेऊन विनोदी गाणी रचण्यात त्याचा हातखंडा. तिथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत त्याच्याशिवाय कार्यक्रम व्हायचा नाही. रात्री मात्र तो कथा लिहायचा. वडिलांच्या आजारपणावरची एक कथा त्याने मित्रांच्या ग्रुपवर टाकली, तर खाली हसणाऱ्या इमोजींची रांग लागली. बहुतेकांनी ती उघडूनही पाहिली नव्हती. त्या दिवसापासून लिहिणं थांबलं, गाणंही नकोसं झालं, झोप गेली. “मॅडम, मी यांच्यासाठी जोकर आहे. गाणी कायमची बंदच करतो,” तो म्हणाला.

आधी आम्ही झोपेवर काम केलं. थकलेल्या माणसाशी आयुष्याचे निर्णय बोलू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

मग एकदा त्यानेच ‘ब्लाइंडबॉय बोटक्लब’ या टोपणनावाने वावरणाऱ्या कलाकाराचा विषय काढला. लिमरिकच्या दोन शाळासोबत्यांची ‘द रबरबँडिट्स’ ही जोडी. चेहऱ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून गाणारी. सुरुवात खोडसाळ फोनच्या ध्वनिमुद्रणांपासून झाली. डिसेंबर २०१० मध्ये त्यांचं ‘हॉर्स आउटसाइड’ आलं. लग्नाला आलेला एक पठ्ठ्या करवलीला सांगतो, इतरांच्या गाड्यांचं कौतुक पुरे, माझा घोडा बाहेर उभा आहे. आयर्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. अशा यशानंतर लोक पुन्हा तेच मागतात. त्या जोडीतल्या ब्लाइंडबॉयने मात्र २०१७ मध्ये कथासंग्रह काढला, दुसरा २०१९ मध्ये, तिसरा २०२३ मध्ये. २०१७ मध्येच त्याचा पॉडकास्टही सुरू झाला. त्यात तो कला, इतिहास आणि मनाच्या आरोग्यावर सविस्तर बोलतो. तरुणपणी आपल्याला चिंतेचा आणि बाहेर पडण्याच्या भीतीचा त्रास होता, विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या उपचारपद्धतीने, म्हणजे सीबीटीने, आपल्याला मदत झाली, हे त्याने उघडपणे सांगितलंय.

“त्याचं ठीक आहे, नाव आधीच झालं होतं,” तो म्हणाला. खरंच आहे ते. पहिल्या पुस्तकाचं दार प्रसिद्धीने उघडलं असणार, हे मी लगेच मान्य केलं. खोटा दिलासा देऊन माणूस उभा राहत नाही. पण मी विचारलं, “लेखक होताना त्याने काय टाकून दिलं?” तो बराच वेळ विचार करत राहिला. ब्लाइंडबॉयच्या चेहऱ्यावर पिशवी तशीच होती. लिमरिकची बोली तशीच. गाण्यांतला चक्रमपणा कथांतही उतरला, फक्त तिथे त्याच्या शेजारी दुःखालाही जागा मिळाली. “म्हणजे काहीच नाही टाकलं,” तो म्हणाला.

आमच्या कामाची गाठ तिथे होती. त्याला वाटत होतं, गंभीर माणूस व्हायचं तर आधी गमतीदार माणसाला घालवावं लागेल. अशा ‘हे किंवा ते’ विचाराने कितीतरी गुणी माणसं दोन्हीकडून रिकामी होतात, आणि ते पाहताना मला फार वाईट वाटतं.

मग आम्ही एक छोटा प्रयोग ठरवला. ग्रुपवर काहीही टाकायचं नाही. तिथे लोक करमणुकीसाठी येतात, त्यांच्याकडून वाचकाची अपेक्षा करणं दोघांवरही अन्याय आहे. तीच कथा एकाच व्यक्तीला द्यायची, जिला कथा वाचायची सवय आहे. देण्याआधी वहीत लिहायचं, ‘ती काय म्हणेल असं मला वाटतं’. नंतर शेजारी लिहायचं, ती प्रत्यक्षात काय म्हणाली. त्याने एका मावशींना निवडलं. त्याचा अंदाज होता, ‘हे तुला शोभत नाही’. मावशींनी कळवलं, मधला भाग लांबलाय, आणि दवाखान्यातल्या प्रसंगात तुझे बाबा जो विनोद करतात तिथे मला रडू आलं. तो विनोद त्याने स्वतःच दोनदा काढून टाकून पुन्हा घातला होता.

तुम्हीही अशाच कोंडीत असाल तर निदान एवढं करून पाहा: जुनं काम सोडण्याची घोषणा करू नका, आणि नव्या कामाचा पहिला निकाल जुन्या प्रेक्षकांकडून मागू नका. झोप, भूक किंवा रोजचं काम आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, तर मात्र लेखन-गाणं बाजूला ठेवून आधी तज्ज्ञाला भेटा.

त्याने कथेचा मधला भाग कापला आणि ती एका दिवाळी अंकाला पाठवली. ती साभार परत आली. दोन दिवस तो खट्टू होता, मग दुसऱ्या अंकाचा पत्ता शोधला. यंदाच्या गणपतीसाठी नवं गाणंही रचतोय, पण या वेळी कार्यक्रमात किती वेळ गायचं ते त्याने स्वतः ठरवून मंडळाला कळवलंय.