भुताटकीचा तपास करणाऱ्यांना विज्ञानाकडे उत्तर नाही असं काही सापडतं का?

सापडतं की. पण ‘कारण कळलं नाही’ म्हणजे ‘भूत निघालं’ असं नव्हे.

माझा आवडता किस्सा विक टँडी या ब्रिटिश इंजिनिअरचा. रात्री प्रयोगशाळेत एकटाच असताना त्याला घाम फुटला, डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसली. वळून पाहतो तर काहीच नाही. दुसऱ्या दिवशी व्हाइसमध्ये (वस्तू घट्ट पकडून ठेवायच्या शिकंजात) पकडलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरू लागलं. दुसरा कोणी पळत सुटला असता. हा पठ्ठ्या व्हाइस जमिनीवरून सरकवत बसला! थरथर खोलीच्या मधोमध सगळ्यात जास्त. दोषी निघाला नवीन एक्झॉस्ट फॅन: सेकंदाला साधारण १९ कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा आवाज. ती आकृतीही याच आवाजामुळे दिसली असावी, असं मांडणारा निबंध त्याने १९९८ मध्ये छापला.

खरी गंमत पुढे. लंडनच्या संशोधकांनी असा आवाज सोडता येईल अशी खोलीच उभारली (निष्कर्ष २००९ मध्ये आले). लोकांना विचित्र अनुभव आले, पण आवाज चालू असो की बंद, फरक पडेना. ‘इथे काहीतरी जाणवेल’ हे आधी सांगितलेलंच बहुधा पुरेसं होतं. त्यामुळे टँडीचं पातं का थरथरलं हे पक्कं सुटलं. ती आकृती मात्र अजून अर्धवटच सुटलीय.