डॉक्टर न होताही कॅन्सरच्या क्षेत्रात काम करता येतं

तुझं पत्र वाचलं. समाजशास्त्राच्या पदवीचं शेवटचं वर्ष, मेडिकलला जायचं नाही. पण गरिबांचा कॅन्सर उशिरा सापडतो, हे बदलायचंय. त्यावर वडील विचारतात, 'ही समाजसेवा झाली, यात नोकरी कुठंय?'

नोकरी आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात डॉ. हॅरॉल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये रुग्णांसाठी 'नॅव्हिगेटर' नेमायला सुरुवात केली. स्तनात गाठ हाताला लागल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत बाई नेमकी कुठे अडकते, हे बघून तिची वाट मोकळी करणारा हा माणूस. कुणाला फॉर्म भरता येत नाही, कुणाची रोजंदारी बुडते, कुणाच्या लेकरांना सांभाळायला कुणी नसतं. स्वस्तातली तपासणी आणि ही सोबत मिळू लागल्यावर तिथे स्तनाच्या कॅन्सरनंतर पाच वर्षं जगणाऱ्या बायकांचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून केलेल्या अभ्यासात गर्भाशयमुखाची तपासणी डॉक्टरांनी नाही, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

मात्र शिबिराला गर्दी जमवणं म्हणजे लोकसहभाग, असं शिकवणाऱ्यांपासून लांब राहा. तपासणी सकाळी दहाला ठेवायची, कामावर जाणाऱ्या बायका आल्या नाहीत की 'जागृतीच नाही' म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. त्यांना आधी विचारलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं: संध्याकाळची वेळ ठेवा, तपासणारी बाईच हवी, आणि रिपोर्ट आमच्याच हातात द्या. लोक निर्णयात हवेत, नुसते रांगेत नकोत.

शिक्षणाचं म्हणशील तर पदवीनंतर दोन वाटा आहेत: सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच, किंवा वैद्यकीय समाजकार्यातली, म्हणजे एमएसडब्ल्यू. आकड्यांची भीती नसेल तर मी एमपीएच सुचवेन. साथरोगशास्त्र (कोणता आजार कुणाला, कुठे आणि का होतो, याचा अभ्यास) आणि संख्याशास्त्र आलं की कोणत्या वस्तीतले लोक तपासणीतून सुटतायत, ते तुला पुराव्यानिशी मांडता येईल. प्रवेश घेण्याआधी प्रत्यक्ष वस्तीतलं काम किती आठवडे असतं, ते विचार. पुढे रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक, प्रकल्प समन्वयक, संशोधन सहायक अशा जागा असतात.

सुरुवातीच्या बऱ्याच जागा प्रकल्पाच्या निधीवर, कंत्राटी असतात. हे वडिलांपासून लपवू नकोस. आणि परीक्षा झाली की कॅन्सर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात महिनाभर स्वयंसेवक म्हणून जा. हे काम आपल्याला झेपतं का, ते तिथेच कळेल.