मोटरहोम की फिफ्थ व्हील हे नंतर, आधी ते बत्तीस हजार कुठून येणार ते सांगा

न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलंय, लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. वय ६१, वहिनी ६०, दोघंही नागरिक, मुलं मार्गी लागलेली, घराचं कर्ज फिटलेलं. पुढच्या वर्षी ६२ पूर्ण झाले की आयटीतली नोकरी सोडायची, हिवाळ्यात तीन महिने पुण्याला जायचं आणि उन्हाळ्यात चार महिने आरव्ही घेऊन अमेरिका बघायची. प्रश्न एकच. १ लाख ९० हजार डॉलरचं नवं क्लास ए मोटरहोम घ्यायचं, की ९५ हजारांचा फिफ्थ व्हील ट्रेलर आणि तो ओढायला ५५ हजारांचा एफ-१५० पिकअप? "दुसऱ्यात ४० हजार वाचतात पण पहिल्यात आराम जास्त, तुम्ही काय म्हणाल?" पैसे ४०१-के मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून, काढायचे, त्यात साडेनऊ लाख आहेत.

भारतातल्या वाचकांसाठी, आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. त्यात क्लास ए मोटरहोम म्हणजे इंजिनासकट चालतंफिरतं घर, बसएवढं. फिफ्थ व्हील म्हणजे इंजिन नसलेलं घर, त्याचं नाक पिकअपच्या मागच्या हौद्यात, बरोबर मागच्या चाकांवर बसवतात आणि ओढत नेतात.

तर आधी ते ४० हजार. ते वाचत नाहीत. तुम्ही पाठवलेल्या मॉडेलचं वजन सामान भरून १४ हजार पौंडांच्या आसपास जातं, आणि फिफ्थ व्हीलचं २० ते २५ टक्के वजन पिकअपच्या पाठीवर येतं, म्हणजे २८०० ते ३५०० पौंड. सेल्समन ओढायची ताकद सांगतो, १३ हजार पौंड वगैरे, तो आकडा ऐकायला छान असतो. पण ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा, चौकटीवर एक पांढरं-पिवळं स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको असं त्यावर लिहिलेलं असतं, आणि एफ-१५० वर तो आकडा साधारण दीड-दोन हजाराच्या घरात निघतो. त्यात तुम्ही दोघं बसणार, हिच, म्हणजे ट्रेलर जोडायची कडी, बसणार, मग ट्रेलर. म्हणजे एफ-१५० बाद, वन-टन डिझेल हवा, एफ-३५० किंवा रॅम ३५००, नवा घेतलात तर ८५ हजार धरा. ९५ आणि ८५, झाले १ लाख ८० हजार. फरक दहा हजारांचा उरला आणि त्यातले दोन-तीन हजार हिचमध्ये जातील.

मोटरहोमच्या बाजूनेही एक खर्च तुम्ही धरलेला नाही, मागे ओढायची छोटी कार. ते ३४ फुटी धूड एकदा कॅम्पग्राउंडवर लावलं की दूध आणायला ते घेऊन जाणार का? तुमच्या यादीत पहिलं नाव ग्लेशियर नॅशनल पार्कचं आहे. तिथल्या गोइंग-टू-द-सन रोडवर मधल्या घाटात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद वाहन चालत नाही. मोटरहोम सोडाच, लांब बेडचा चार दारांचा पिकअपसुद्धा २१ फुटांच्या वर जातो.

म्हणजे किंमतीच्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखेच. हे उत्तर इथेच संपलं असतं, पण तुम्ही पत्राला रिटायरमेंटच्या उत्पन्नाचा एक तक्ता जोडलाय आणि तो वाचून माझा चहा गार झाला.

तक्ता असा. ४०१-के मधून ४ टक्क्यांनी ३८ हजार, सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, ६२ व्या वर्षापासून २८ हजार, आणि "आययूएल पेन्शन, टॅक्स-फ्री" ३२ हजार. एकूण ९८ हजार. खर्च ७८ हजार. खाली लाल पेनाने लिहिलंय, २० हजार शिल्लक.

अहो, ३८ हजार हे साडेनऊ लाखांचे ४ टक्के आहेत. आणि आरव्ही त्याच साडेनऊ लाखांतून घेणार ना? मग ते पैसे दोनदा कसे मोजले? मोटरहोम अधिक न्यू जर्सीचा सेल्स टॅक्स म्हणजे २ लाखांच्या वर. ४०१-के मधून काढलेला प्रत्येक डॉलर पगारासारखा उत्पन्नात धरतात, साडेएकोणसाठ झाल्यावर दंड नाही एवढंच, टॅक्स आहेच, आणि न्यू जर्सीचाही आहे. नोकरी सोडल्यावरच्या वर्षात काढलेत तरी हातात २ लाख ५ हजार यायला ढोबळ २ लाख ६० हजार काढावे लागतात. पगार चालू असताना काढलेत तर त्याहून जास्त, कारण मोठा भाग २४ टक्क्यांच्या टप्प्यात जाईल. उरले ६ लाख ९० हजार, त्याचे ४ टक्के २७,६००. दहा हजार इथेच गेले.

आता ती आययूएल, म्हणजे इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ, शेअर निर्देशांकाला जोडलेली आयुर्विमा पॉलिसी. २०१४ मध्ये मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या एका गृहस्थांनी दिली, महिना १५०० डॉलर, "मार्केट वर गेलं तर फायदा, खाली गेलं तरी शून्याच्या खाली जात नाही, ६५ नंतर जन्मभर टॅक्स-फ्री पेन्शन." हे वाक्य मी इतक्या मराठी, गुजराती, तेलुगू घरांत ऐकलंय की आता पुढचा शब्द मीच सांगतो. तुम्ही दिसायला साधं काम केलंत पण फार उपयोगाचं केलंत, पॉलिसीचा मूळ तक्ता आणि यंदाचं स्टेटमेंट दोन्ही स्कॅन करून पाठवलंत. मूळ तक्त्यात दोन बाजू आहेत. उजवीकडे साडेसात टक्के गृहीत धरून काढलेले आकडे, तिथेच ६५ पासून दरवर्षी ३२ हजार, आणि त्यावर कुणीतरी पिवळा हायलायटर फिरवलाय. डावीकडे "गॅरंटीड" असा कॉलम आहे, तो कुणी तुम्हाला वाचून दाखवला नसावा, कारण त्यात वयाच्या ७४ पासून खाली शून्य, शून्य, शून्य आहे. कंपनीने लेखी हमी दिलीय ती फक्त या डावीकडच्या कॉलमची. अशा फुगवलेल्या तक्त्यांवर विमा नियामकांनी २०१५ मध्ये मर्यादा आणली, तुमचा तक्ता त्याच्या आधीचा.

आता स्टेटमेंट. तक्त्याप्रमाणे आज २ लाख ६० हजार असायला हवे होते, सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे आज पॉलिसी मोडली तर हातात येणारे पैसे, आहे १ लाख ४० हजार. भरलेत किती? वर्षाला १८ हजार, ११ वर्षं, जवळजवळ २ लाख. म्हणजे ज्या ११ वर्षांत अमेरिकन शेअर बाजार कितीतरी पट झाला त्या काळात तुमचे २ लाखांचे १ लाख ४० हजार झाले. साध्या एस अँड पी इंडेक्स फंडात हेच १५०० टाकले असते तर आज चार लाखांच्या वर असते, विम्यासाठी स्वस्तातली टर्म पॉलिसी वेगळी काढूनसुद्धा. पैसे गेले कुठे तर पहिल्या वर्षांत कमिशन आणि चार्जेस, नंतर विम्याचा खर्च, तो वयाबरोबर दरवर्षी चढतो, आणि वर मिळणाऱ्या व्याजाला कॅप, म्हणजे कमाल मर्यादा, जी तुमच्या कागदावर १२ टक्क्यांवरून साडेआठवर आलीय. कंपनीला ती बदलायचा अधिकार पॉलिसीतच आहे. शिवाय इंडेक्सच्या वाढीत डिव्हिडंड धरत नाहीत, हे कुणी बोलतच नाही.

६५ पर्यंत अजून हप्ते भरून समजा २ लाख झाले. दोन लाखांवर वर्षाला ३२ हजार म्हणजे १६ टक्के. सहा-सात वर्षांत खडखडाट. आणि ही पेन्शन नसतेच, पॉलिसीवर काढलेलं कर्ज असतं, म्हणून टॅक्स-फ्री. कर्ज चढत गेलं आणि पॉलिसी बंद पडली तर हप्त्यांपेक्षा जास्त जेवढं काढलं असेल तेवढं सगळं त्या वर्षीचं उत्पन्न धरून टॅक्स लागतो, तेव्हा हातात पैसे नसतात, फक्त बिल असतं. मी तुमच्या जागी तक्त्यात ३२ हजारांच्या ठिकाणी शून्य लिहीन.

अजून एक. पॉलिसीचा तो तक्ता ६५ पर्यंत हप्ते भरले जातील असं धरून आहे. नोकरी सोडल्यावर ते १८ हजार कुठून भरणार होतात? खर्चाच्या ७८ हजारांत ते नाहीत. आणि हेल्थ इन्शुरन्स तर अख्ख्या पत्रात एकदाही नाही! मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, ६५ ला लागतं. तोवर दोघांचा मिळून बाजारातला प्रीमियम महिना दोन-अडीच हजार, म्हणजे वर्षाला २७ हजार धरा. प्रीमियममध्ये सरकारी सवलत मिळेल म्हणाल, तर २०२५ संपताना वाढीव सवलत गेली, आणि २०२६ साठी दोघांच्या घराचं उत्पन्न ८४,६०० च्या वर गेलं की केंद्राची सवलत पूर्ण बंद. ज्या वर्षी ४०१-के मधून २ लाख ६० हजार काढाल त्या वर्षी तुम्ही कागदावर श्रीमंत. त्यात मार्केटप्लेसवरच्या, म्हणजे सरकारी विमा बाजारातल्या, बऱ्याच पॉलिसींचं नेटवर्क आपल्या राज्यापुरतंच असतं, इमर्जन्सी सोडली तर वायोमिंगमधला डॉक्टर त्यात नसतो, आणि तुम्ही चार महिने बाहेर.

मग ६२ ते ६५ चा खरा हिशोब बघा. येणारे २७,६०० आणि २८ हजार, साडेपंचावन्न. जाणारे ७८ अधिक १८ अधिक २७, १ लाख २३ हजार. दरवर्षी ६७ हजारांचा खड्डा, तीन वर्षांत २ लाख, तेही त्याच ४०१-के मधून, पुन्हा टॅक्स भरून. मेडिकेअरचं कार्ड हातात येईल तेव्हा साडेनऊ लाखांचे पाच लाखसुद्धा नसतील आणि दारात झपाट्याने किंमत उतरणारं वाहन. दारात तरी कुठलं, तुमच्या असोसिएशनला ड्राइव्हवेत आरव्ही चालत नाही असं तुम्हीच लिहिलंय.

मी काय करीन ते सांगतो. नोकरी पुढच्या वर्षी सोडू नका, साडेत्रेसष्टपर्यंत ओढा. तिथून १८ महिने कोब्रावर, म्हणजे नोकरी सुटल्यावरही विमा चालू ठेवू देणाऱ्या कायद्याखाली, कंपनीचाच प्लॅन मिळतो, पूर्ण प्रीमियम आपल्या खिशातून जातो पण नेटवर्क बहुधा देशभराचं असतं, आणि १८ महिने संपले की तुम्हाला मेडिकेअर. वहिनींचं वर्षभर वेगळं बघावं लागेल. मेडिकेअर घेताना ओरिजिनल (थेट सरकारी) आणि मेडिगॅप (त्याला जोड देणारी खासगी पॉलिसी) बघा, अ‍ॅडव्हान्टेज (खासगी कंपनीमार्फतचा) प्लॅन फिरणाऱ्याला अडचणीचा. (पुण्यातलं जवळजवळ काही यात येत नाही, काही मेडिगॅप प्लॅन परदेशातल्या इमर्जन्सीपुरतं थोडं देतात एवढंच, तिथली पॉलिसी निराळी काढा.) सोशल सिक्युरिटी ६२ ला अजिबात नको, तुमच्या वयाच्या लोकांना पूर्ण रक्कम ६७ ला मिळते, ६२ ला घेतलं तर तिच्या ७० टक्केच, आणि ही कात्री जन्मभराची.

आययूएलच्या कंपनीला, एजंटला नाही, थेट कंपनीला फोन करून इन-फोर्स इलस्ट्रेशन, म्हणजे पॉलिसीच्या आजच्या स्थितीवरून काढलेला नवा तक्ता, मागवा, एक हप्ते आजपासून बंद धरून आणि एक ६५ पर्यंत चालू धरून, दोन्ही ५ टक्क्यांनी. सरेंडर चार्ज (पॉलिसी मोडली तर कापतात तो) अजून किती वर्षं आहे आणि कॉस्ट बेसिस (टॅक्ससाठी धरतात ती तुम्ही भरलेली रक्कम) किती ते लेखी घ्या. रागाच्या भरात सरेंडर करू नका, ६० हजारांचा तोटा टॅक्समध्ये दाखवता येत नाही. त्याऐवजी १०३५ एक्सचेंजने, म्हणजे टॅक्स न लागता पॉलिसी बदलून, कमी खर्चाच्या अ‍ॅन्युइटीत पैसे हलवले तर २ लाखांचा बेसिस बरोबर जातो आणि पुढची ६० हजारांची वाढ टॅक्सशिवाय मिळते. वहिनींना विम्याची गरज किती हे मात्र त्याआधी बघायला हवं. आणि ते गृहस्थ "पॉलिसीतून लोन काढा, आरव्हीचं डाऊन पेमेंट करा, तुम्हीच तुमची बँक" म्हणताहेत ना, त्यांना नमस्कार करा आणि विषय बदला.

आता आरव्ही. वर्षात चार महिने म्हणजे १२० रात्री. नव्या मोटरहोमची सुरुवातीच्या वर्षांतली घसरण वर्षाला १५ हजार तरी, विमा, आठ महिने भाड्याच्या जागेत ठेवणं, हिवाळ्याआधी पाइपांत अँटीफ्रीझ भरणं, दुरुस्ती, टायर, जे न झिजताही सहा-सात वर्षांत बदलावे लागतात, मिळून २४ हजार. भागिले १२०, रात्रीला २०० डॉलर. पेट्रोल वेगळं, कॅम्पग्राउंडचे ४० ते ८० वेगळे. याच्या आसपास भाड्याने मिळतं की! तेव्हा नोकरीत असतानाच सुट्ट्या जोडून दोन आठवडे एकदा क्लास सी, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावरचं लहान मोटरहोम, भाड्याने घ्या, वहिनींनाही चालवायला द्या. त्यांनी "एवढं मोठं मी चालवणार नाही" म्हटलंय हे तुम्ही पत्रात गंमत म्हणून लिहिलंय, मला ती सगळ्यात कामाची माहिती वाटली. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मोंटानात ताप आला तर गाडी कोण हलवणार? फिफ्थ व्हील मागे घेऊन जागेवर लावणं तर अजून अवघड, हिच जोडणं-सोडवणं हे हौद्यात वाकून करायचं काम. त्यामुळे तुमच्या दोघांसाठी फिफ्थ व्हील नको असं माझं मत. त्याचा खरा फायदा, की ट्रक बिघडला तरी घर जागेवर राहतं, हा महिना-महिना एका ठिकाणी मुक्काम करणाऱ्यांना जास्त. तुम्ही तर चार महिन्यांत अकरा राज्यं लिहिलीत.

भाड्याने फिरूनही हौस टिकली तर ६४ नंतर पाच-सहा वर्षं जुनी, २५-२६ फुटी क्लास सी बघा, ७० हजारांच्या आसपास, घेण्याआधी स्वतंत्र इन्स्पेक्टरकडून तपासून, छत आणि पाण्याची गळती आधी. पैसे ४०१-के मधून एकदम न काढता दोन-तीन वर्षांत विभागून. डीलर वीस वर्षांचं कर्ज पुढे करेल आणि "सेकंड होम आहे, व्याज वजा मिळतं" म्हणेल. कायद्याने खरं आहे, झोपायला, स्वयंपाकाला आणि टॉयलेटला जागा असली की चालतं, पण जोडप्याचं स्टँडर्ड डिडक्शनच ३१ हजारांच्या वर असताना तुम्हाला त्याचा फायदा शून्य. ६२ झाल्यावर नॅशनल पार्कचा सिनियर पास मात्र नक्की घ्या, ८० डॉलरमध्ये जन्मभर, आणि पार्कांमधल्या बऱ्याच कॅम्पग्राउंडना निम्मं भाडं.

पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलंत की पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीच्या आरव्ही शोमध्ये मोटरहोमवर २००० डॉलर डिपॉझिट देऊन आलात, "रिफंडेबल आहे बहुतेक". बहुतेक नको. पावतीच्या मागची बाजू वाचा, मुदत किती दिवसांची आहे ते बघा आणि रद्द केल्याचं ईमेलवर लेखी पाठवा, फोनवर नाही. आजच.